तळं गेलं, माळी राहिले

बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमच्या कुशीत एक लहानसं कुंड आहे. भोवती कुंपण आणि पलीकडे वाहनांची न थांबणारी रांग. वर्षभर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. चैत्रात मात्र, पौर्णिमेला दोन रात्री उरल्या की इथे माणसं गोळा होतात. उघड्या अंगाची, डोक्याला फेटे बांधलेली, हातात नंग्या तलवारी घेतलेली. त्यांच्यासाठी हे कुंड नाहीच, ही ‘संपंगी केरे’ आहे, म्हणजे संपंगी तलाव. या पाण्याकाठच्या मातीतून देवी येते आणि तिला घेऊन ते आपल्या पेठेतल्या देवळाकडे निघतात.

एके काळी हा तलाव खरोखरच तलाव होता. आजचं स्टेडियम त्याच्या पोटात उभं आहे. 1997 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या त्या याच मैदानावर, आणि आज फुटबॉलचे सामने असले की लाल मातीच्या धावपट्टीची आठवण सांगणारे बुजुर्गही भेटतात. पाण्याची आठवण सांगणारे राहिले ते फक्त तिगळ.

तिगळ हे बंगळुरूचे माळी. कोबी-फ्लॉवरपासून मोगऱ्यापर्यंत या शहराला जे जे हिरवं, ताजं लागलं ते पिढ्यान् पिढ्या त्यांनी पिकवलं. आज बंगळुरूला ‘उद्याननगरी’ म्हणून मिरवताना ज्यांची नावं घेतली जातात त्यात हैदर अली असतो, टिपू असतो, दोन-तीन गोरे साहेब असतात. बाग म्हटली की कोणीतरी रोज उकिडवं बसून तण काढावं लागतं, हे मात्र त्या यादीतून वगळलेलं असतं.

बंगळुरूला नदी नाही, ही गोष्ट पुण्या-नाशिकच्या माणसाला चटकन पटत नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं हे पठार. पाऊस पडतो तो उतारांनी चहूकडे पळून जातो. म्हणून इथल्या माणसांनी पळणाऱ्या पाण्याला बांध घालून एकाखाली एक तलाव बांधले. वरचा भरला की त्याच्या सांडव्यातून, ज्याला इथे ‘कोडी’ म्हणतात, पाणी कालव्याने खालच्या तलावात जायचं. त्या कालव्यांपैकी मोठे ते ‘राजकालुवे’. कुठल्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं हे ठरवणारा माणूस ‘नीरुगंटी’. केंपेगौडाने 1537 साली मातीचा कोट बांधून शहर वसवलं अशी नोंद शाळेतल्या पुस्तकातही आहे. पण कोट बांधणं त्या मानाने सोपं होतं. कोटातल्या पेठांना पुरेल इतकं पाणी आणि इतकी भाजी मिळवणं हे खरं काम, आणि ते तलावाखालच्या ओलीत जमिनीवर राबणाऱ्या लोकांनी केलं.

पेठांची नावं अजून जुन्या धंद्यांची आहेत. बळेपेटेत बांगड्या, अक्किपेटेत तांदूळ, कुंबारपेटेत कुंभार, गाणिगरपेटेत तेली. आणि नगरथपेटेला चिकटून तिगळरपेटे. तिथेच त्यांचं धर्मरायस्वामींचं देऊळ. धर्मराय म्हणजे युधिष्ठिर. पांडवांची देवळं आपल्याकडे लेण्यांना चिकटवलेल्या दंतकथांपुरती. इथे मात्र पाचही भाऊ आणि द्रौपदी रीतसर पूजेला बसलेले आहेत. देऊळ आठशे वर्षांचं असं सांगतात. सांगणाऱ्याच्या आवाजावरून ते कमी-जास्त होतं.

तिगळ मूळचे कुठले, याचं उत्तर त्यांच्या घरातल्या बोलीतच आहे. तमिळ, कन्नड आणि थोडी तेलुगू यांची सरमिसळ. तमिळ मुलखातून ते वर सरकत आले, हे बहुतेक अभ्यासक मानतात. स्वतःला ते वह्निकुल क्षत्रिय म्हणवतात, अग्नीतून जन्मलेले. अग्निकुल आणि शंभुकुल अशाही शाखा आहेत. आगीतून जन्मल्याची हीच कथा तमिळनाडूतले वन्नियार सांगतात. द्रौपदीला कुलदेवतेसारखं पूजणाऱ्या पंथाचा गाभा जिंजीच्या आसपासचा, असं अमेरिकन अभ्यासक आल्फ हिल्टेबायटल यांनी दोन जाडजूड खंडांत मांडलं आहे. जिंजी म्हटलं की आपल्याला राजाराम महाराज आणि मुघलांचा लांबलेला वेढा आठवतो. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी द्रौपदीच्या नावाने निखाऱ्यांवरून चालणारी गावं आहेत हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात कधी आलं नाही.

बंगळुरूच्या बाबतीत आपलं तेच. मराठी माणूस इथे आला की शहाजीराजे शोधतो. शोधावेतच. 1638 साली आदिलशाही फौजेबरोबर त्यांनी हे शहर घेतलं, पुढे ते त्यांच्या जहागिरीचं ठाणं झालं, जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ रचलं ते याच दरबाराच्या आश्रयाने. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाजवळचा 1669 चा एकोजीराजांचा दानलेखही बघून यावा. पण त्या दरबाराच्या मुदपाकखान्यात भाजी कुठून येत होती, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाला पडल्याचं ऐकिवात नाही. मलाही तो पडला नव्हता. तो पडला एका भलत्याच तळ्यामुळे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवर टाहो नावाचं सरोवर आहे. एकोणीसशे मीटर उंचीवर, पाचशे मीटर खोल, निळंशार. ‘टाहो’ हा शब्द तिथल्या वाशो लोकांच्या भाषेतून आला. वाशो वर्षभर एका जागी नसत. बर्फ वितळलं की सारी कुटुंबं सरोवराकाठी येत, ट्राउट मासे पकडून वाळवत. काठावरचा कुठला तुकडा कुठल्या कुटुंबाचा हे ठरलेलं असे. शरद आला की पूर्वेच्या डोंगरांत पाइनच्या बिया गोळा करायला जात, आधी प्रार्थना आणि नाच, मग लांब काठ्यांनी फळं पाडणं. हिवाळा खालच्या खोऱ्यांत, सशाच्या कातड्यांच्या पट्ट्या विणून केलेल्या पांघरुणांत. त्यांच्या भाषेला आसपास जवळचं कोणी नातेवाईक नाही, इतकी ती वेगळी.

1859 मध्ये नेवाडात चांदी सापडली. खाणींना आधार द्यायला लाकूड हवं, म्हणून टाहोभोवतीचं जंगल साफ झालं. पाइनच्या बियांची झाडं जळणासाठी गेली. सरोवरातले मूळचे ट्राउट बाजारासाठी उपसले गेले आणि 1939 पर्यंत तिथून नाहीसे झाले. ज्या काठावर वाशो उतरत तिथे हॉटेलं उभी राहिली. त्यांच्यातली एक बाई, दात-सो-ला-ली, टोपल्या विणायची. तिच्या टोपल्या आज संग्रहालयांत काचेआड आहेत, आणि ती 1925 साली वारली तेव्हा तिच्या लोकांकडे सरोवराचा हातभर काठ नव्हता. ड्रेस्लरव्हिल नावाची त्यांची वसाहत आहे, तिची 40 एकर जमीन एका गोऱ्या जमीनदाराने 1917 साली दिलेली. एक मात्र त्यांना वाचवता आलं: केव्ह रॉक नावाचा सरोवराकाठचा पवित्र खडक. त्यावर गिर्यारोहक खिळे ठोकून चढायचे. वनखात्याने बंदी घातली, गिर्यारोहक कोर्टात गेले आणि 2007 मध्ये अपील न्यायालयाने बंदी उचलून धरली. धर्माच्या नावाने नव्हे, तर सांस्कृतिक वारसा म्हणून.

हे वाचत होतो तेव्हा मनात आलं, की आपण राहतो त्या शहरात असे तळ्याचे लोक कोण? ज्यांचं वर्ष पाण्याने ठरत होतं, आणि ज्यांचं पाणी काढून घेतल्यावर शहराने फक्त सणापुरती जागा ठेवली? शोधायला लांब जावं लागलं नाही.

तुलना फार ताणू नये. तिगळ आदिवासी नाहीत. तेही कधीतरी बाहेरून आले, त्यांनी जंगल तोडून वाफे केले, बाजारासाठी पिकवलं, राजाचा सारा भरला. वाशोंसारखी त्यांची कोणी कत्तल केली नाही की त्यांची मुलं पकडून बोर्डिंग शाळांत कोंडली नाहीत. पण पाणी आणि जमीन हातातून कशी निसटते, याची रीत दोन्हीकडे ओळखीची वाटते. गोळी न झाडता, कागदावर, एकेक अर्ज फेटाळत.

तिगळांचं काम समजून घ्यायचं तर आधी बंगळुरूची तांबडी माती हातात घ्यावी लागते. ती पाणी धरत नाही. उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते. तिला कामाची करायची म्हणजे तलाव आटला की तळाचा काळा गाळ गाड्यांनी आणून पसरायचा, शेण घालायचं, आणि मग रोज पाणी. विहिरीवर बैलांची मोट, नाहीतर लांब दांड्याच्या एका टोकाला वजन बांधून दुसऱ्या टोकाची बादली खाली-वर करायची. वाफे लहान, हाताच्या मापाचे. कारण पालेभाजी हे काही आठवड्यांचं पीक: मेथी, पालक, शेपू, राजगिरा. एक वाफा कापणीला तर शेजारचा नुकता पेरलेला. बंगळुरूत पालेभाज्यांना एकत्रित नाव ‘सोप्पु’ आणि इथल्या स्वयंपाकघरात सोप्पु आठवड्यातून तीन-चार दिवस तरी असतोच. फुलांत मल्लिगे म्हणजे मोगरा, शेवंती, अबोली. फुलं पहाटेच खुडायची, बाजार उजाडायच्या आत मांडायचा. घरातल्या बायका विकायला बसायच्या आणि पुरुष पाणी बघायचे. विकणाऱ्या बायकांच्या हातात पैसा असायचा, हेही ध्यानात ठेवण्यासारखं.

1809 च्या सुमाराला इंग्रजांनी शहराच्या पूर्वेला छावणी वसवली. छावणीच्या साहेबाला कोबी, फ्लॉवर, घेवडा, बटाटा हवा. तिगळांनी तेही शिकून घेतलं. आज बंगळुरू-कोलार पट्टा भाजीसाठी दक्षिण भारतात नावाजलेला आहे, त्यामागे ही शिकवणी आहे. तमिळमध्ये चाऊ-चाऊला ‘बंगळुरूचं वांगं’ म्हणतात. एखाद्या शहराच्या नावाने परदेशी भाजी ओळखली जावी, यापेक्षा माळ्याला मोठी पदवी कुठली?

लालबागेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. 1760 साली हैदर अलीने चाळीस एकरांत सुरुवात केली, टिपूने देशोदेशीची रोपं मागवली. 1800 मध्ये ब्रिटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन इथे आला तेव्हा त्याने बागेतले चौकोनी वाफे आणि त्यांच्या कडेच्या सरूच्या झाडांचं कौतुकाने वर्णन केलं. 1856 मध्ये ती सरकारी वनस्पतिउद्यान झाली, पुढे जॉन कॅमेरॉनने वाढवली, मग आला जर्मन बागतज्ज्ञ क्रुम्बिगेल. हा आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होता. 1908 मध्ये बंगळुरूत आला आणि इथेच मातीत मिसळला. या साहेबांच्या खाली कुदळ धरणारे बहुतेक हात तिगळांचे होते. हैदरने लालबागेसाठीच त्यांना आणून वसवलं असं काही जण म्हणतात. तिगळ म्हणतात, आम्ही त्याच्या कितीतरी आधीचे. मला दुसरं जास्त पटतं. राजाला बाग करावीशी वाटते ती सहसा जिथे उत्तम माळी आधीपासून असतात तिथेच.

आता संपंगी.

हा तलाव मोक्याच्या ठिकाणी होता. पश्चिमेला म्हैसूर राजाची पेठ, पूर्वेला इंग्रजांची छावणी. काठाला तिगळांचे मळे. शिवाय वीटभट्ट्यांना माती, गुरांना चारा, धोब्यांना घाट, कोळ्यांना मासे. त्याच काठावर हळूहळू बंगलेही आले. प्रत्येकाला तलाव वेगळ्या कामासाठी हवा होता, आणि बंगल्यांना तर तो नकोच होता, कारण पावसात पाणी अंगणात यायचं आणि डास व्हायचे. तरी जोवर शहर तलावांचंच पाणी पीत होतं तोवर कोणाची हिंमत नव्हती. 1894 नंतर हेसरघट्ट्याहून नळाने पाणी येऊ लागलं आणि चित्र बदललं. पिण्याला तलाव नको, मग ठेवायचा कशाला? मळ्यांसाठी? मळेवाल्यांना विचारतो कोण. पलटणीच्या लोकांना कोरड्या तळावर पोलो खेळायचा होता.

हरिणी नागेंद्र आणि हिता उन्नीकृष्णन या संशोधकांनी जुने सरकारी दप्तर, नकाशे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी एकमेकांवर ठेवून या तलावाचा स्टेडियम होण्याचा प्रवास बारकाईने मांडला आहे. त्या दप्तरात माळ्यांचे अर्ज आहेत. तलावात पाणी राहू द्या, आमच्या विहिरी त्याच्या झिरप्यावर आहेत, इतकी साधी मागणी. अर्ज पुढे सरकवले गेले, तलावाचे तुकडे पडत गेले. शेवटी उरली ती करग्याच्या, म्हणजे तिगळांच्या देवीच्या घटाच्या, विधीपुरती पाण्याची जागा. शेतकऱ्याची मागणी सरकारला फेटाळता आली. देवीची फेटाळायला सरकार कचरलं.

तलाव एकटा गेला नाही. धर्मांबुधी तलावावर मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. महाराष्ट्रातून एसटीने येणारा प्रत्येक जण नकळत त्याच्या तळाशी उतरतो. सिद्दिकट्टेच्या जागी 1928 मध्ये कृष्णराजेंद्र मार्केट झालं. कोरमंगलाच्या एका तलावावर राष्ट्रीय क्रीडाग्राम, आणखी एकावर हॉकीचं मैदान. या शहराला तलाव बुजवून त्यावर खेळायची विलक्षण हौस. मळ्यांचंही तेच झालं. 1898 च्या प्लेगनंतर पेठेतली गर्दी विरळ करायला मल्लेश्वरम आणि बसवनगुडी वसवली गेली. पुढे एकामागून एक ‘एक्स्टेंशन’ निघाली, विल्सन गार्डन, जयनगर, शांतिनगर. सगळी सपाट, पाण्याजवळच्या, पिकाऊ जमिनीवर. भाजी पिकवायला जी जमीन सर्वांत चांगली, तीच प्लॉट पाडायलाही सर्वांत सोयीची. भरपाई मिळाली ती शेतजमिनीच्या दराने. तळे राखी तो पाणी चाखी ही म्हण बंगळुरूत उलटी लागू पडली.

चैत्र पौर्णिमा आपल्याकडे हनुमान जयंतीची आणि जोतिबाच्या यात्रेची. वाडी रत्नागिरीवर सासनकाठ्या नाचतात त्याच दिवशी रात्री इथे करगा निघतो.

कथा अशी. भारतीय युद्ध संपलं, पांडव स्वर्गाच्या वाटेला लागले. वाटेत द्रौपदी कोसळली. महाभारतातही ती पहिली पडते. पण तिगळांच्या कथेत ती तिथे संपत नाही. शुद्धीवर येऊन पाहते तर समोर तिमिरासुर उभा. नवरे पुढे निघून गेलेले, मागे वळून बघणारं कोणी नाही. तेव्हा ती आदिशक्तीचं रूप घेते, आपल्या देहातून वीरकुमारांची फौज उभी करते आणि असुराला मारते. मग निघायला लागते. वीरकुमार म्हणतात, आई, आम्हाला टाकून जाऊ नकोस. ती सांगते, दरवर्षी चैत्रात काही दिवस येईन. तिगळ म्हणजे त्या वीरकुमारांचेच वंशज. पाच नवरे असून निर्णायक घटकेला एकटी पडलेली बाई आणि तिच्यासाठी दरवर्षी तलवारी घेऊन उभी राहणारी तिची मुलं. व्यासांनी मध्येच सोडून दिलेला धागा कोणीतरी उचलून धरला, असं मला वाटतं.

उत्सव सुमारे अकरा दिवसांचा. ध्वज चढतो, मग रोज देवळात आणि वेगवेगळ्या काठांवर विधी. बायका डोक्यावर दिवे घेऊन निघतात ती आरती-दीपांची रात्र. त्यानंतर ‘हसी करगा’, म्हणजे ओला, कच्चा करगा. हाच तो संपंगी काठचा विधी: तळ्याच्या मातीतून घट घडतो आणि मध्यरात्र उलटल्यावर देवळाकडे नेला जातो. पोंगलसेवा होते. पौर्णिमेच्या रात्री मोठा करगा. नंतर ‘गावु शांती’, आणि त्यातच पोतराजाची कथा. हो, पोतराज. आपल्या मरीआईच्या गाड्यापुढे अंगावर आसूड ओढणारा. धर्मरायाच्या देवळात द्रौपदीचा राखणदार म्हणून त्याचं ठाणं आहे. शेवटी वसंतोत्सवात हळदीचं पाणी उडतं आणि ध्वज उतरतो.

तलवारी हाती घेणारे वीरकुमार वर्षभर तालमीत घाम गाळतात. तालमीला इथे ‘गरडी’ म्हणतात. अंग कमावणं, तलवार फिरवणं आणि करग्याच्या काळात व्रतस्थ राहणं, असा हा संस्कार. ‘अलगु सेवे’त तलवारीचं पातं उघड्या छातीवर आपटून घेतात. दहा-बारा वर्षांचं पोरसुद्धा न चुकता घेतं.

पौर्णिमेच्या रात्री अव्हेन्यू रोडवर पाय ठेवायला जागा नसते. एरवी हा रस्ता जुन्या पुस्तकांचा. परीक्षेचे गाइड आणि फाटक्या कादंबऱ्यांचे ढीग. त्या रात्री दुकानांच्या शटरांपुढच्या पायऱ्यांवर बायका, पोरं, म्हातारी माणसं घोंगडी टाकून बसलेली असतात. देवळापुढे कापराचे ढीग पेटतात, वडीवडीने नाही, टोपल्या-टोपल्यांनी. काळा धूर चढतो आणि घशात बसतो. मोगऱ्याच्या गजऱ्यांचा बाजार वर गेलेला असतो. मध्यरात्र उलटते, करगा अजून निघालेला नसतो. कोणाला घाई नसते. मग अचानक तलवारींचा खणखणाट, ‘गोविंदा, गोविंदा’चा गजर, आणि शेकडो उघड्या पाठींच्या मधून मोगऱ्याचा एक उंच शंकू डुलत येताना दिसतो. खाली साडी, बांगड्या, कपाळभर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. एका हातात कट्यार, दुसऱ्यात वेताची छडी. डोक्यावरच्या करग्याला हात लावायचा नाही. धरणारा पुरुष असतो, पुजारी. त्या रात्री तो द्रौपदी. तो चालत नाही, तालावर सरकतो, गिरक्या घेतो, आणि तो शंकू मानेवर तोललेला राहतो. करगा पडला तर वीरकुमारांनी त्याला तिथेच कापायचं, अशी शपथ आहे. गर्दीतून कळ्यांची मूठभर फेक होते, करगा चार पावलांत पुढे निघून जातो, आणि लोक खाली पडलेल्या कळ्या वेचायला वाकतात.

या पुजाऱ्याच्या बायकोबद्दल लिहायलाच हवं. उत्सवाच्या काळात ती आपलं मंगळसूत्र आणि बांगड्या नवऱ्याला देते. तो देवी होतो आणि ती, जणू विधवा, त्याच्या नजरेआड राहते. आपल्या पत्रकारितेत याला ‘त्याग’ म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. मला ते तितकं सोपं वाटत नाही. पुरुषाने बाई होण्याचा हा भव्य सोहळा एका खऱ्या बाईला घरात कोंडून होतो, ही बोच करगा कितीही आवडला तरी जात नाही.

रात्रभर करगा पेठा ओलांडत जातो. कुंबारपेटे, बळेपेटे, आणि पूर्वीच्या धर्मांबुधी तलावाच्या काठची अण्णम्मा देवी. दर चौकात त्या त्या जातीचं देऊळ त्याला पूजा देतं. समाजशास्त्रज्ञ स्मृती श्रीनिवास यांनी 2001 मधल्या आपल्या ग्रंथात दाखवलं आहे, की ही वाट म्हणजे जुन्या बंगळुरूचा चालता नकाशाच: कोटाच्या वेशी, बुजलेले तलाव, कारागिरांच्या वस्त्या. नगररचना खात्याने पुसलेलं जे जे आहे त्यावरून करगा वर्षातून एकदा पाऊल टाकून जातो.

आणि तो कॉटनपेटेतल्या तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यातही जातो. आख्यायिका म्हणते, मिरवणूक बघायला आलेल्या या अवलियाला वीरकुमाराच्या तलवारीने जखम झाली, पुजाऱ्याने त्यावर हळद-कुंकू लावलं, जखम भरली. तेव्हापासून करगा त्याच्या दारी थांबतो. लिंबांची देवघेव होते, फातिहा पढला जातो. 2022 मध्ये काही संघटनांनी ही भेट बंद करण्याची मागणी केली. देवळाच्या समितीने आणि तिगळांनी ती ऐकली नाही. त्या वर्षीही करगा दर्ग्यात गेला. भाषणं ठोकणाऱ्यांना न जुमानता आपला शिरस्ता चालू ठेवण्याची ही हिंमत, माझ्या मते, त्या उघड्या तलवारींपेक्षा मोठी आहे.

आजचे तिगळ काय करतात? बरेच जण शहरात नोकरी-धंद्याला आहेत: रिक्षा, दुकान, महापालिका, कारखाना, आता संगणकही. काहींनी बाजूच्या गावांत, होसकोटे, आनेकल, देवनहळ्ळीकडे, शेती राखली आहे. आणि विमानतळ झाल्यापासून तिकडचीही प्लॉटिंग सुरू आहे. होसकोटे, आनेकल, कोलार इथेही आपापले करगे निघतात. नर्सऱ्यांमधून रोपं विकणाऱ्यांत, लग्नमंडप फुलांनी सजवणाऱ्यांत अजून त्यांची वंशपरंपरागत बोटं ओळखू येतात. राजकीय पक्षांना करग्याच्या रात्री त्यांची आठवण येते. मोठमोठे फलक लागतात, आमदार-मंत्री देवळात हजेरी लावतात, महापालिका रस्ते झाडते. 2020 मध्ये टाळेबंदीतही करगा देवळाच्या आवारात मोजक्या लोकांत झाला. त्याची परंपरा तुटू द्यायची नाही, यावर सरकार आणि विरोधक यांचं एकमत असतं. मळ्यांची परंपरा तुटताना असं एकमत कोणी दाखवलं नाही.

बंगळुरूला याची किंमत मोजावी लागते आहे, आणि ती फक्त तिगळांनी मोजलेली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये बेलंदूरकडचे आयटी पार्क आणि महागडे बंगले पाण्यात गेले. ट्रॅक्टरमधून इंजिनिअर कामावर जाताना सगळ्या देशाने पाहिले. बुजवलेल्या राजकालुव्यांनी आपली जुनी वाट शोधली होती. 2024 च्या उन्हाळ्यात त्याच शहरात टँकरसाठी रांगा लागल्या. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, कित्येकशे मीटर वर चढवून आणावं लागतं. पाऊस पडतो तितकाच आहे. तो धरून ठेवणारे तलाव नाहीत, आणि तलावांचा गाळ काढण्यात ज्यांचं पोट होतं असे लोकही आता काठावर नाहीत. तलाव वाचवा मोहिमा निघतात, चांगल्या आहेत. पण त्यांत काठाला चालण्याचा ट्रॅक आणि बाकं असतात, मळा नसतो. माणसाच्या रोजच्या गरजेशी न जोडलेलं पाणी शहरात फार दिवस टिकत नाही, असं इथला दीडशे वर्षांचा अनुभव सांगतो.

येत्या चैत्रात बंगळुरूत असाल तर करगा जरूर बघा. देऊळ कृष्णराजेंद्र (के. आर.) मार्केटपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मिरवणूक मध्यरात्रीनंतर निघते, पण जागा संध्याकाळीच धरावी लागते. जमलं तर दोन रात्री आधी कंठीरवा स्टेडियमजवळच्या त्या कुंडावर हसी करगाही बघा. तिथे फारशी गर्दी नसते आणि फलकही नसतात. आणि पहाटे परतताना मार्केटमध्ये जमिनीवर सोप्पु मांडून बसलेल्या बाईकडून चार जुड्या घ्या. फक्त तिच्याशी घासाघीस करू नका. या शहराने तिच्या घराशी ती पुरेशी केलेली आहे.